डावा डोळा मिटून

"कामाला एकच डोळा लागतो. दुसऱ्याला मी सुट्टी देऊन ठेवलीय," असं गुण्यादादा एकदा म्हणाला होता.

म्हणाला होता तो खिडक्यांच्या चौकटी बघायला आलेल्या एका बाईंना. त्या दारात आल्या तेव्हा हा फळीचं एक टोक गालाशी धरून, डावा डोळा घट्ट मिटून, फळीच्या कडेवरून लांब कुठेतरी बघत उभा होता. बाईंना वाटलं डोळ्यात काही गेलं. त्या रुमाल काढायला लागल्या, तेव्हा मागून त्याची बायको पॉलिशचा बोळा हातात घेऊन म्हणाली, "काही गेलेलं नाही हो. फळ्यांना दिवसभर डोळा मारायचा, हेच काम आहे त्यांचं. मला मात्र इतक्या वर्षांत एकदासुद्धा मारला नाही."

"तुझ्यात बाक कुठाय शोधायला?" तो फळीवरून नजर न काढता म्हणाला.

गुण्या हे त्याचं नाव नव्हे. सुतार ज्या हत्याराने काटकोन तपासतात त्याला गुण्या म्हणतात, आणि हा माणूस कुणाकडे सहज भेटायला गेला तरी बसण्याआधी दाराच्या चौकटीला मनातल्या मनात गुण्या लावायचा. चौकट कललेली असली की त्याचं गप्पांत लक्ष लागायचं नाही. लोक आधी मागून म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी कारखान्याच्या पाटीवरही तेच नाव आलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड. मधोमध विजेची करवत, खिडकीखाली गुण्यादादाचं कामाचं टेबल, आणि मागच्या दाराशी, वास बाहेर जावा म्हणून, बायकोचा पॉलिशचा कोपरा. तिथे तिचा रेडिओ दिवसभर चालू. करवतीवर तिचा सगळ्यात धाकटा भाऊ. त्याला घरात शेंडेफळ म्हणत. आता त्याच्या डोक्यावर एक केस उरलेला नव्हता, पण नाव तेच राहिलं होतं.

करवतीने कापलेली प्रत्येक फळी आधी गुण्यादादाच्या गालाशी यायची. तो डावा डोळा मिटायचा, उजव्याने कडेवरून बघायचा, आणि म्हणायचा, "सरळ," किंवा "बाक आहे," किंवा "पीळ आहे, जळणात टाक." तो हे वडिलांकडून शिकला होता, इतक्या लहान वयात की पुढे त्याच्या डाव्या पापणीला ते आपोआपच यायला लागलं. हातात काहीही लांबट आलं की ती मिटायची. छत्री, पाण्याचा पाइप, एकदा तर बाजारात घेतलेली काकडी.

मग गाठ निघाली. डाव्या गालाच्या आत, नाकाशेजारच्या पोकळीत. नाकातून रक्त येत होतं, दाढा बधिर झाल्या होत्या, तो दातांच्या डॉक्टरकडे खेपा घालत होता. शेवटी एका मोठ्या इस्पितळात फोटो काढले आणि कॅन्सर हा शब्द त्याच्यासमोर टेबलावर ठेवला गेला. ऑपरेशन झालं. नंतर कित्येक आठवडे किरण. चेहऱ्यावर गरम जाळी दाबून त्याच्या मापाचा मुखवटा केला होता, आणि रोज तो मुखवटा चढवून, खाली टेबलाला पक्का अडकवून, त्याला एकट्याला खोलीत ठेवत. डोकं केसभरही हलता कामा नये.

"शिकंज्यात लावतात मला," तो घरी येऊन सांगायचा. "लाकडाला काय वाटत असेल ते आता कळलं."

तोंड सोलवटलं. गाल काळा पडला. पाण्यालाही चव राहिली नाही, आणि जी गेली ती पुरती परत आलीच नाही. पण गाठ गेली. दर तपासणीला किरणांच्या डॉक्टरीणबाई नाकात नळी घालून बघायच्या, मान चाचपायच्या आणि म्हणायच्या, स्वच्छ. त्या दिवशी नवरा-बायको आणि शेंडेफळ तिघंही इस्पितळाबाहेरच्या बाकावर बसून काहीतरी गोड खात. गुण्यादादाला ते गोड लागत नसे. तो त्या दोघांकडे बघून खायचा.

डोळ्यांबद्दल सांगितलं होतं. डोळे कोरडे पडतील, थेंब घालत जा. एकेक डोळा बंद करून घरच्या घरी नजर तपासत जा. काही वेगळं वाटलं तर लगेच या. पहिल्या वर्षी डोळ्यांच्या विभागातही जाऊन आले, तिथेही सगळं ठीक निघालं.

गुण्यादादाने हे काम मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळ झाली की तो स्वयंपाकघराच्या दारासमोर जाऊन उभा राहायचा. त्याने स्वतः बसवलेली चौकट. डोळा मिटायचा, चौकटीच्या उभ्या कडेवरून वर-खाली बघायचा.

"काय म्हणतेय?" बायको आतून विचारायची.

"सरळ आहे."

"मी डोळ्याचं विचारतेय."

"तोही सरळ आहे."

दुसरं वर्ष संपलं. तिसरं चालू झालं. तो काम करत होता, वजन भरून आलं होतं. खिशात पाण्याची बाटली असायची, कारण तोंडाला लाळ सुटत नव्हती, आणि शेंडेफळ त्याला "टाकी" म्हणायचा. कधी कधी तो पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडायचा. पटाशीवर ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसायची. येता-जाता डावा खांदा करवतीच्या खांबाला थडकायचा. "भाओजी, खांब तिथेच आहे हो, तुम्हीच हललात," शेंडेफळ म्हणायचा. "वय झालं की माणूस डावीकडे झुकतो, माझा बापही झुकला होता," हा म्हणायचा. सगळे हसायचे.

एकदा बायको जेवणाचं ताट घेऊन त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली. तो बघेचना. ती उभीच. तिला वाटलं, सकाळी बोलले त्याचा राग धरलाय. तिने ताट आदळलं, तो दचकला, आणि दचकला याचाही तिला राग आला. दोन दिवस घरात अबोला होता. नंतर दोघंही ते विसरले.

त्या सकाळी शेंडेफळ करवतीवर होता. चौकटींच्या पट्ट्या कापत होता. गुण्यादादा पलीकडून पट्टी ओढून घेत होता, नेहमीप्रमाणे. एक कपची उडाली आणि त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. लहानशी, भुशाहून जरा मोठी. असं महिन्यातून एकदा व्हायचंच. त्याने पट्टी सोडली, उजवा तळवा उजव्या डोळ्यावर गच्च दाबला आणि तिथेच वाकून उभा राहिला.

मग त्याने विचारलं, "वीज गेली का रे?"

करवत गरगरत होती. शेंडेफळाला ऐकू आलं नाही. त्याने बटण बंद केलं. पातं हळूहळू थांबलं, आणि त्या शांततेत मागच्या दाराशी रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"काय म्हणालात?"

"वीज. गेली का म्हणून विचारलं."

शेंडेफळाने वर बघितलं. दिवा चालू होता. त्याला वाटलं भाओजी काहीतरी चेष्टा करताहेत, आणि चेष्टेचा दुसरा अर्धा भाग कधी येतो याची वाट बघत तो हसत उभा राहिला.

गुण्यादादाने तळवा काढला. डोळा लाल, पाणी गळत होतं. त्याने दिव्याकडे बघितलं. पुन्हा तळवा ठेवला. पुन्हा काढला. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं त्याने ते पुष्कळ वेळा केलं. ठेवला की शेड नाहीशी व्हायची. काळोखही नव्हता तो. मान न वळवता पाठीमागचं जेवढं दिसतं, तेवढं. काढला की शेड परत यायची, पत्र्यासकट, शेंडेफळासकट.

शेंडेफळाचं हसू तोंडावर राहून गेलं होतं, ते त्याला खाली ठेवता येईना.

"ताई," त्याने हाक मारली. "ताई, जरा इकडे ये."

ती आली. तिने नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर स्वतःचा तळवा ठेवला, पॉलिशच्या वासाचा, आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या डाव्या डोळ्यासमोर धरली.

"किती?"

तिने बोटं आणखी जवळ नेली.

"अहो, किती बोटं?"

"हात धरलायस का तू समोर?" त्याने विचारलं.

डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता. त्याने आधी कपची काढली. मग बॅटरी डाव्या डोळ्यावर धरली, उजव्यावर धरली, पुन्हा डाव्यावर. तो डोळा बाहेरून अगदी तसाच होता. पाणीदार, तपकिरी, चांगला डोळा. त्याच्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं की हा आपल्याकडे बघतोय.

"केव्हापासून दिसत नाही?"

"आज सकाळपासून," गुण्यादादा म्हणाला.

"आज सकाळी गेलं, की आज सकाळी कळलं?"

यात काय फरक आहे ते त्याला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि त्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती, म्हणून त्याला पूर्ण मान वळवावी लागली. ते तिघांच्याही लक्षात आलं.

"काका, आत डोळ्याच्या पडद्यामागे जी नस असते ना, ती पांढरी पडलीय," डॉक्टर म्हणाला. "एका दिवसात नाही अशी होत. कित्येक महिने झाले असणार. किरण घेतले होते का चेहऱ्यावर?"

"घेतले होते. पण त्याला तर होत आली तीन वर्षं. बरा झालोय मी."

"हो," डॉक्टर म्हणाला, आणि जिथे किरण घेतले तिथे आजच जा म्हणून सांगितलं.

किरणांच्या डॉक्टरीणबाई त्याला बघून हसल्या, कारण तो त्यांच्या चांगल्या झालेल्या लोकांपैकी होता. मग त्यांनी तपासलं आणि हसू गेलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, टेबलाच्या मागून बाहेर येऊन त्याच्यासमोर बसल्या.

"हे किरणांमुळे झालंय," त्या म्हणाल्या. सरळ म्हणाल्या.

"गाठ परत नाही ना आली?" बायकोने विचारलं.

"नाही. गाठ नाही. गाठ असती तर मी वेगळं बोलले असते. डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक शिरा असतात. किरणांनी त्या आतून खराब होतात, पण लगेच नाही. वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं काहीच होत नाही. मग एक दिवस नस वाळायला लागते. दुखत नाही, लाल होत नाही. नुसतं जातं."

"म्हणजे," गुण्यादादा सावकाश म्हणाला, "मी बाहेर बाकावर बसून गोड खात होतो तेव्हा ते आत चालू होतं."

बाईंना बाकाचं आणि गोडाचं काही माहीत नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली.

"किरण जरा कमी दिले असते तर?"

"गाठ डोळ्याच्या खोबणीला टेकली होती. कमी दिले असते तर गाठ राहिली असती. तेव्हा आपण हे बोललो होतो."

बोलले होते. त्याला आठवत होतं. त्या वेळी त्याला कुणी दोन्ही हात मागितले असते तरी तो हो म्हणाला असता.

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक काय आहे?" बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "डोळा गेलाय तुमचा. हे म्हणतात ठीक आहे. बाई, आधी आलो असतो तर वाचला असता का?"

"खात्रीने नाही सांगता येणार. औषधं देऊन बघतो आम्ही. कधी थोडं थांबतं, बहुतेकदा नाही थांबत." मग त्या गुण्यादादाकडे वळल्या. "पण मला एक सांगा. घरी एकेक डोळा तपासत नव्हता का तुम्ही?"

"दर आठवड्याला."

"मी स्वतः बघितलंय," बायको म्हणाली. "एक आठवडा चुकवला नाही त्यांनी."

"कसं तपासायचात? दाखवा."

गुण्यादादा उठला. खोलीच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. डावी पापणी मिटली, आणि उजव्या डोळ्याने त्याने चौकटीची कड वरून खाली बघितली. खाली ती अगदी किंचित, अर्धं सूत, बाहेर होती. तेवढं बघून तो खुर्चीत परत बसला.

"आणि दुसरा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुसरा काय?"

"हा डावा मिटून उजव्याने बघितलंत. आता उजवा मिटून डाव्याने?"

"उजवा मला मिटताच येत नाही," तो म्हणाला. "मिटायला गेलो की दोन्ही मिटतात." आणि त्याने मिटून दाखवला. दोन्ही मिटले. तो तसाच, दोन्ही डोळे मिटून, त्यांच्यासमोर थोडा वेळ बसून राहिला, कारण आपण काय सांगितलं ते त्याचं त्यालाच तेव्हा ऐकू आलं.

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"हाताने झाकायचा असतो," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "तळव्याने. आम्ही सांगायला हवं होतं, मिटायचा नाही, झाकायचा."

"मी दाराच्या आतच उभी असायचे," बायको म्हणाली. हे ती कुणालाच सांगत नव्हती. "मी विचारायचे, काय म्हणतेय. ते म्हणायचे सरळ आहे. मी आत भाजी परतायचे."

एकच प्रश्न उरला होता, आणि तो कुणी विचारावा हे ठरत नव्हतं. शेवटी गुण्यादादानेच विचारला. त्याने बोटाने उजव्या डोळ्याकडे दाखवलं.

"त्या नसेलाही थोडे किरण पोचलेत," त्या म्हणाल्या. "डाव्याइतके नाहीत. एवढ्याने बहुतेकांना काही होत नाही. आज तपासला, चांगला आहे. पण होणारच नाही असं मी म्हणू शकत नाही."

घरी जाताना बायको त्याच्या उजव्या बाजूने चालली. आयुष्यभर ती डावीकडून चालत आली होती. पोचेपर्यंत ती एकच बोलली.

"ते ताट," ती म्हणाली. "तेव्हाही?"

"कुठलं ताट?"

तिने सांगितलं नाही.

शेंडेफळाने ते सगळं ऐकून घेतलं. त्याने उठून खांबाला जुन्या गादीचा कापूस गुंडाळला, गुण्यादादाच्या खांद्याच्या उंचीवर. मग तो म्हणाला, "उद्यापासून करवतीच्या जवळ नाही यायचं तुम्ही. मी एकटा ओढेन."

"आधी स्वतःची बोटं मोजून दाखव मला."

"दहा आहेत."

"मग दहाच राहू देत. मी टेबलावर बसतो."

तो टेबलावर बसला. हातोडीचा अंदाज चुकायचा, म्हणून आधी हातोडीचं डोकं खिळ्यावर टेकवून मग ठोकायचा. गोळ्यांनी त्याचं तोंड सुजलं. डाव्या डोळ्यात काही परत आलं नाही. पण फळ्या त्याच्याकडेच येत राहिल्या, कारण त्या कामाला एकच डोळा लागत होता आणि तो डोळा शाबूत होता. तो फळी गालाशी धरायचा आणि अजूनही डावी पापणी मिटायची.

"आता कशाला मिटता?" शेंडेफळाने एकदा विचारलं.

"पापणीला कुठे कुणी सांगितलंय?" गुण्यादादा म्हणाला.

बायकोने घरची तपासणी स्वतःच्या हातात घेतली होती. रोज सकाळी ती तळव्याने त्याचा डावा झाकायची, आंधळा असला तरी झाकायची, आणि समोर बोटं धरायची. तीन. दोन. चार. तो बरोबर सांगायचा, आणि मग दोघं कामाला लागायचे. इस्पितळात दाखवून आले, तिथेही उजवा टिकून होता. हळूहळू शेडमध्ये परत रेडिओचा आवाज मोठा झाला. कुणीतरी पुस्तकांची उंच कपाटं सांगितली होती. छतापर्यंतची. लांब फळ्या लागणार होत्या, आणि लांब फळीत बाक लपतो, म्हणून गुण्यादादा खुशीत होता.

शेंडेफळाने पहिली फळी कापली आणि त्याच्या टेबलाशी आणून दिली. करवत बंद होती. दुपारचं ऊन खिडकीतून पार मागच्या दारापर्यंत पोचलं होतं. बायको पॉलिशचा बोळा पिळत तिथेच उभी होती.

गुण्यादादाने फळी उचलली. मधोमध तिवईसारख्या लाकडी घोडीवर टेकवली, जवळचं टोक गालाशी घेतलं, डावा मिटला, उजव्याने कडेवरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मान थोडी फिरवली. परत सरळ केली.

"आखूड का कापलीस?" त्याने विचारलं.

"कुठली?" शेंडेफळ म्हणाला.

"ही रे. अर्ध्यावरच संपलीय. पुढचं टोक कुठाय?"

शेंडेफळाने फळीकडे बघितलं. फळी पूर्ण होती. टेबलापासून निघून ती उन्हातून जात जात मागच्या दाराशी संपत होती, जिथे त्याची बहीण उभी होती. तिच्या आणि फळीच्या टोकाच्या मध्ये वीतभर अंतर होतं. त्याने बहिणीकडे बघितलं. तिच्या हातातला बोळा तसाच राहिला होता, आणि त्यातून पॉलिश तिच्या पायावर ठिपकत होतं.

"भाओजी," तो म्हणाला.

"अरे, मापाची फळी वाया घालवलीस आणि वर तोंड शिवून बसलायस? टेप आण."

शेंडेफळ टेप आणायला गेला नाही. जागचा हललाच नाही. बायकोने बोळा खाली ठेवला, पुढे झाली, आणि फळीच्या त्या टोकावर, उन्हात, आपला हात ठेवला. नुसता ठेवला, दाबला नाही. पण फळी घोडीवर तोललेली होती. तिचा हात टेकला तसं इकडचं टोक गुण्यादादाच्या गालाशी हलकेच वर उचललं गेलं.

तो तसाच राहिला. गाल फळीला लागलेला, डावा मिटलेला, उजवा उघडा. तिने हात काढला, टोक खाली आलं. तिने पुन्हा ठेवला. टोक वर आलं.

मग त्याने फळी सांभाळून घोडीवर आडवी केली, घसरणार नाही ना ते हाताने चाचपून बघितलं, अंगावरचा भुसा झटकला आणि टेबलाच्या कडेला हात लावत, पुढच्या दाराने बाहेर निघून गेला.